काटोलच्या वाटेवरची थरथर

नागपूरला जाणारा पाहुणा बहुधा दोन गोष्टी ठरवून जातो: झिरो माइलचा खांब पाहायचा आणि येताना संत्र्याची बर्फी आणायची. दोन्ही चांगल्याच. खांबाभोवतीचे उसळते चार घोडे पाहिले, की आपण देशाच्या ऐन मध्यावर उभे आहोत असे वाटून ऊर उगाच भरून येतो. पण या शहराचे मध्यवर्तीपण खरे कळते ते मोटारी हाकणाऱ्या माणसांना. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा ४४ क्रमांकाचा आणि हजिऱ्याहून पारादीपला जाणारा ५३ क्रमांकाचा, हे दोन राष्ट्रीय महामार्ग नागपुरात एकमेकांना भेटतात. २०१० साली देशभरचे क्रमांक बदलले. त्यापूर्वी हेच रस्ते ७ आणि ६ होते. शहराबाहेर शिवमडक्यापासून समृद्धी महामार्ग सुटतो. त्याची सगळी ७०१ किलोमीटर लांबी जून २०२५ मध्ये वाहतुकीला खुली झाली.

आणखी एक गोष्ट शाळेच्या पुस्तकात फारशी नसते. १९४३ च्या डिसेंबरात देशातल्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते याच शहरात जमले आणि पुढच्या २० वर्षांत हिंदुस्थानात रस्ते कसे व किती बांधायचे, याची योजना त्यांनी आखली. ‘नागपूर योजना’ हे तिचे नाव. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा रस्ते आणि ग्रामरस्ते ही उतरंड आज आपल्या तोंडी सहज असते. ती पक्की झाली ती इथे. चांगल्या शेतीच्या मुलखातले कोणतेही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, असेही त्या मंडळींनी ठरवले होते.

मला सांगायचे आहे ते मात्र या उतरंडीच्या तळाशी असलेल्या वाटेविषयी. तिला क्रमांक नाही, पाटी नाही. गावातून शेताकडे जाणाऱ्या या वाटेला विदर्भात पांधण म्हणतात.

माझ्या मामेभावाची संत्र्याची बाग काटोलच्या बाजूला आहे. नागपूरहून फेटरी, कळमेश्वर करीत काटोलला जायचे, तिथून गाव, आणि गावापासून पुढे अडीच-तीन किलोमीटर पांधण. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. पावसाळ्यात ट्रॅक्टरांची चाके तिच्यात रुततात. दोन बाजूंना दोन चाकोऱ्या खोल जातात आणि मध्ये मातीचा उंच दांडा उभा राहतो. दसरा उलटेपर्यंत तो दांडा वाळून विटेसारखा कडक होतो. आंबिया बहराची संत्री नेमकी त्याच सुमारास उतरायला लागतात. बागेत ट्रक येत नाही. भावाने कर्ज काढून घेतलेली पिकअप गाडीच कॅरेट भरून बाहेर निघते, आणि रात्री दोन-अडीचला उठून तीच नागपूरच्या कळमना बाजाराची वाट धरते.

या गाडीचे पोट दांड्यावर घासते, म्हणून भावाने ती उंच करून घेतली. एका दुकानात मागच्या कमानपाट्यांना लांब शॅकल लावले, पाटे आणि आस यांच्यामध्ये एक इंचाचा लोखंडी ठोकळा घातला. मागची बाजू तीन इंच वर आली. पुढची बाजूही थोडी उचलली. गाडी ऐटदार दिसू लागली. आणि त्याच दिवसापासून ती थरथरू लागली.

मी दिवाळीपूर्वी चार दिवस त्याच्याकडे गेलो, तेव्हा घरात दुसरा विषयच नव्हता. रिकामी गाडी पन्नासच्या पुढे गेली की बसण्याची जागा, पायाखालची पत्रे, गिअरचा दांडा सगळे झिणझिणत असे. साठाला तर मागचा आरसा नुसता धूसर दिसे. भावाने तोवर शाफ्टचे दोन्ही क्रॉस बदलले होते, सेंटर बेअरिंगचे रबर बदलले होते, शाफ्ट काढून बॅलन्स करून आणला होता. प्रत्येक वेळी ‘आता राहणार नाही’ असे ऐकले होते, आणि थरथर जागच्या जागी होती.

“भाऊजी, गाडी थरथरते, पण गाडीचा हप्ता काही थरथरत नाही,” मामेभावाची बायको मला म्हणाली, “तो बरोबर पाच तारखेला येते.”

हसण्यावारी नेण्यासारखी ती गोष्ट नव्हती. शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंत फिरत जाणारी लोखंडी नळी. तिचा क्रॉस सतत हादरे खाऊन तुटला आणि नळीचे पुढचे टोक सुटून रस्त्याला टेकले, तर वेगात असलेली गाडी त्यावर अडखळून उलटूही शकते. कळमन्याहून पहाटे परतताना शेजारी पुष्कळदा गावातले कोणी तरी बसलेले असते. हंगाम तोंडावर होता. गाडी उभी ठेवणे परवडत नव्हते आणि अशी चालवणेही.

रविवारी सकाळी तर्री-पोहे खाऊन आम्ही निघालो. भाऊ, मी आणि नववीतली पुतणी. तिला बर्डीवर दिवाळीची खरेदी करायची होती, म्हणून ती चिकटली. गेलो ते वाडीला. अमरावती रस्त्यावर शहर संपता संपता लागणारी ही वाडी म्हणजे गोदामे, ट्रक आणि त्यांच्यावर जगणाऱ्या माणसांचे गाव. एकीकडे पाटे ठोकण्याचा आवाज, दुसरीकडे वेल्डिंगच्या ठिणग्या, मध्येच चहाची टपरी. पुण्या-मुंबईकडच्या माणसाच्या कानाला इथली बोली आधी गंमतशीर वाटते. इथे माणूस काम करतो असे नाही, तो काम ‘करून राहिलेला’ असतो. थोड्या वेळाने त्या बोलीतला जिव्हाळा कळतो, आणि आपलीच बोली जरा इस्त्री केलेली वाटू लागते.

भावाला कोणी तरी एका म्हाताऱ्या मिस्त्रींचे ठिकाण सांगितले होते. त्यांनी गाडीखाली वाकूनही पाहिले नाही. स्टुलावर बसून चहा मागवला आणि म्हणाले, “भाऊ, पयले मले सांगा, बदललं काय काय?”

भावाने क्रॉस, रबर, बॅलन्स ही यादी सांगितली.

“ते नाही जी. थरथर सुरू व्हायच्या आधी काय बदललं?”

“गाडी उंच केली.”

“मंग? बिमार सांगून राहिला डोकं दुखते, अन् तुम्ही पायाले मलम लावून राहिले.”

मग त्यांनी एकेक प्रश्न विचारला, आणि मला त्या प्रश्नांच्या क्रमाचे कौतुक वाटले. थरथर इंजिनाच्या वेगाबरोबर वाढते की गाडीच्या? हे पाहायला आम्ही त्यांना घेऊन गोंडखैरीच्या दिशेने मोकळ्या रस्त्यावर गेलो. पंचावन्नाच्या वेगाला चौथ्या गिअरमध्ये गाडी थरथरली. त्याच वेगाला पाचव्यात टाकली, इंजिन हळू झाले, थरथर तेवढीच. मागेपुढे वाहन नाही असे पाहून क्षणभर न्यूट्रल करून गाडी नुसती वाहू दिली, तरी थरथर होतीच. म्हणजे इंजिन सुटले.

थरथर हाताला लागते की बैठकीला? स्टिअरिंग हाताला शांत होते, खालची जागा झिणझिणत होती. म्हणजे पुढची चाके बहुधा निर्दोष. मागची चाके? ती पुढे-मागे बदलून पाहिली. काही फरक नाही. शिवाय चाकाचा दोष मोजूनही ओळखता येतो. साठाच्या वेगाला अशा गाडीचे चाक सेकंदाला साधारण साडेसात फेरे घेते. आसातली दाती चारास एक अशा हिशेबाची असतील, तर शाफ्ट तेवढ्यात तीस फेरे घेतो. चाक वाकडे असले तर गाडी डुचमळते. शाफ्टचा दोष बारीक झिणझिण्यांसारखा लागतो. आमच्या होत्या त्या झिणझिण्याच.

शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला. “माल भरल्यावर थरथरते का?”

भाऊ विचार करून म्हणाला, “माल भरला की बरीच शहाणी होते.”

मिस्त्रींनी चहाचा ग्लास खाली ठेवला. “मंग क्रॉसचा गुन्हा नाही. कोनाचा आहे.”

ही कोनाची भानगड घरी बसूनही समजण्यासारखी आहे. गिअरबॉक्स गाडीच्या सांगाड्याला पक्का बांधलेला; मागचा आस पाट्यांवर वरखाली होणारा. या दोघांना जोडणाऱ्या शाफ्टला सांध्यात वाकता आले पाहिजे आणि वाकलेला असतानाच फिरता आले पाहिजे. अधिक चिन्हासारखा जो तुकडा हे काम करतो तो क्रॉस. इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने १६७६ साली छापलेल्या पुस्तिकेत या सांध्याचे वर्णन केले आहे. युरोपात बऱ्याच ठिकाणी तो कार्डान या त्याहूनही जुन्या इटालियन पंडिताच्या नावाने ओळखला जातो. साडेतीनशे वर्षांत त्याची खोड काही गेलेली नाही. ती अशी की, सांधा वाकलेला असला म्हणजे एका बाजूने एकसारखा वेग दिला तरी दुसऱ्या बाजूला तो एकसारखा निघत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा जरा पुढे धावतो आणि दोनदा जरा मागे रेंगाळतो. शाफ्ट सेकंदाला तीस फेरे घेत असेल तर असे साठ हिसके. कोन दुप्पट झाला की हिसका चौपट होतो.

मग सगळ्याच गाड्या का थरथरत नाहीत? कारण सांधे दोन असतात. पहिल्या सांध्याने केलेली चूक दुसरा सांधा उलट बाजूने फेडतो. अट एवढीच, की दोघांचे कोन सारखे हवेत आणि दोन्ही टोके एकाच जुळणीत बसवलेली हवीत. एकाचा कोन मोठा आणि दुसऱ्याचा लहान झाला की कर्ज फिटत नाही. बाकी उरते ती आपल्या पायाखाली झिणझिणते.

मिस्त्रींनी गाडी खड्ड्यावर घेतली. जॅकवर नव्हे, गाडी आपल्या चाकांवर, सपाट जागी उभी असेल तेव्हाच ही मापे खरी येतात. आधी शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या खुणा समोरासमोर आहेत ना ते पाहिले, होत्या. मग म्हणाले, “बेटा, कंपासपेटी आहे का?” पुतणीने नुकतीच बर्डीवर नवी घेतली होती. तिचा कोनमापक, त्याच्या मध्यावर बांधलेला दोरा आणि दोऱ्याला लटकवलेला नट असा ओळंबा तयार झाला. शाफ्टचा पुढचा भाग तीन अंश उतरता. मागचा भाग नऊ. आसातून बाहेर आलेल्या पिनियनचा सात. पुतणीने मोबाइलवरही कोन मोजून पाहिले, आकडे जुळले. खड्ड्याच्या काठावर बसून तिने वजाबाकी केली: “नऊ वजा तीन सहा. नऊ वजा सात दोन. बाबा, हे सारखे नाहीत.”

शेजारी त्याच बनावटीची, न उचललेली एक गाडी उभी होती. तिची मापे घेतली: तीन, सहा आणि तीन. दोन्ही सांध्यांत तीनच अंशांचा फरक.

उलगडा झाला. गाडी उंच केल्यावर गिअरबॉक्स सांगाड्याबरोबर वर गेला, आस खालीच राहिला, म्हणून शाफ्टचा उतार सहावरून नऊ झाला. लांब शॅकलने पाट्याचे मागचे टोक खाली ढकलले, त्यामुळे पाट्याबरोबर आस फिरला आणि पिनियनने नाक वर केले. तो तीनवरून सातावर गेला. माल भरला की पाटे दबत, उतार कमी होई आणि गाडी शहाणी होई. नव्या क्रॉसचा यात काडीचा दोष नव्हता.

मिस्त्रींनी चार अंशांची पोलादी पाचर शोधली, पाटा आणि आस यांच्यामध्ये जाड बाजू पुढे करून बसवली आणि यू-बोल्ट आवळले. पिनियनचे नाक खाली आले. पुन्हा गोंडखैरीच्या रस्त्याने गेलो. पन्नास, पंचावन्न, साठ. आरशात मागचा ट्रक स्वच्छ दिसत होता. भाऊ काही बोलला नाही. नुसता आरशात पाहत राहिला.

खरे तर इथे गोष्ट संपायला हवी. पण मिस्त्री म्हणाले, “थरथर गेली, झीज नाही गेली. दोनी कोन सारखे झाले, पण सहा-सहा. क्रॉस लवकर खाईल.” आणि मग त्यांनी भावाला खड्ड्यात बोलावून एक गोष्ट दाखवली. मागच्या आसाच्या मधोमध डिफरेन्शियलचा लोखंडी गोळा असतो. त्याच्या पोटावर ताजे, चकचकीत ओरखडे होते, वर काळ्या मातीचा थर.

“हे उंच केल्यानंतरचे आहेत?”

भाऊ म्हणाला, “हो.”

“मंग उंच काय केलं, भाऊ?”

त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. पाटे उचलून वर जातो तो सांगाडा आणि हौदा; आस असतो तिथेच राहतो. त्याची जमिनीपासूनची उंची ठरते ती चाकांच्या आकाराने. गाडी तीन इंच ऐटीत वर गेली होती, पण तिचा सर्वांत खालचा अवयव दांड्यावर पूर्वीइतकाच घासत होता. शिवाय हौदा उंच झाल्याने भरलेली गाडी वळणावर अधिक कलत होती. माल वाहणाऱ्या काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर ओझ्याप्रमाणे कमीजास्त करणारी झडप असते. गाडी उचलली की ती झडप फसते, भरलेल्या गाडीला रिकामी समजते. कायद्याचाही प्रश्न आहेच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे कारखानदाराने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो नियम ठामपणे सांगितला.

भावाने टपरीवर दुसरा चहा घेतला. उंची काढायची, तर त्यावर खर्चलेले पैसे गेले. ठेवायची, तर दर हंगामाला क्रॉस आणि मनात धाकधूक. शेवटी त्याने मुलीकडे पाहिले आणि मिस्त्रींना सांगितले, “काढून टाका. होती तशी करा.” जुने शॅकल घरून मागवले, ठोकळा आणि पाचर दोन्ही निघाले. संध्याकाळी पुतणीने पुन्हा दोरा धरला: तीन, सहा, तीन. मिस्त्रींनी बजावले, पाचशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट एकदा आवळून घ्या. मजुरी त्यांनी तीन तासांची घेतली. विचारलेल्या प्रश्नांची घेतली नाही.

परतताना कळमेश्वरच्या पुढे अंधार पडला. भाऊ म्हणाला, “दादा, खरी दुरुस्ती अजून व्हायचीच आहे.” दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या दोन बागाईतदारांकडे गेला. पांधण तिघांची, दांडा तिघांच्या गाड्यांना लागतो. तिघांनी मिळून ट्रॅक्टरला पाते लावून मधला दांडा उतरवला आणि चाकोऱ्यांत मुरूम टाकून दाबला. भावाच्या वाट्याला जो खर्च आला, तो क्रॉस, रबर आणि बॅलन्स यांत गेलेल्या पैशांहून कमी होता. हा मुरूम एक-दोन पावसाळे टिकेल. काळी माती त्याला हळूहळू गिळेल, हे त्यालाही ठाऊक आहे. पांधणी पक्क्या व्हाव्यात म्हणून राज्य सरकारने २०२१ साली शेतरस्त्यांची योजना आणली. १९४३ ची मोठी योजना ज्या शहरात झाली, त्याच्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवरच्या शेवटच्या तीन किलोमीटरांचा हिशेब अजून चालू आहे.

मला राहून राहून वाटते ते असे. रस्त्याचे दुखणे गाडीने अंगावर घेतले होते. पांधणीचा दोष पाट्यांवर ढकलला, पाट्यांचा शाफ्टवर, शाफ्टचा क्रॉसवर. आणि प्रत्येक वेळी किंमत मोजली ती घरातल्या त्याच एका खिशाने. आपल्या पुष्कळशा थरथरी अशाच असतील. जिथे झिणझिणते तिथे मलम लावण्याआधी, आधी काय बदलले हे विचारणारा एखादा मिस्त्री प्रत्येकाला वाडीत मिळेलच असे नाही.

माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या रात्री मी भावाबरोबर कळमन्याला गेलो. अडीचला निघालो, पांधणीतून गाडी डुलत पण न घासता बाहेर आली. बाजारात दिव्यांच्या उजेडात संत्र्यांचे ढीग, अडत्यांची हाकाटी, आंबटगोड वासाने भरलेली हवा. उजाडता उजाडता माल विकून परत फिरलो. रिकामी कॅरेट मागे एकावर एक रचलेली, गाडी साठाच्या वेगाने काटोलकडे. भावाने रेडिओ लावला आणि मग, काय वाटले कोण जाणे, बंद केला. म्हणाला, “थोडं ऐकू दे न दादा.”

ऐकण्यासारखे काहीच नव्हते. त्याला तेच ऐकायचे होते.